डिकलखाली चांदी मारतेय? आधी डिकलला शिव्या देऊ नका

विषय किटमधनं बनवलेल्या छोट्या मॉडेल गाड्यांचा आहे, त्यांच्यावर पाण्यात भिजवून लावतात त्या डिकलचा, म्हणजे नंबर आणि जाहिरातींच्या पातळ चित्रांचा. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते कळेल, नाहीतर पूर्ण वाचून शेवटी म्हणाल आमचं वेगळंच होतं.

गाडी समोरून बघितली तर झकास, पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तिरकी धरली की नंबरच्या गोलाभोवती आणि स्पॉन्सरच्या अक्षरांच्या मधे चंदेरी-पांढरट सावली दिसते, जणू कुणी सेलोटेपचा तुकडा चिकटवलाय. मोठ्या डिकलच्या पोटात बारीक ठिपके, भाकरीच्या पिठाची भुरभुर पडल्यासारखे. दरवाज्याच्या किंवा पुढच्या बॉनेटच्या फटीवरून गेलेलं डिकल फटीत बसतच नाही, ओढ्यावरच्या साकवासारखं वरच्या वर ताणून राहतं आणि त्या फटीत चांदीची रेघ. कडेला नख लागलं की टोक उचलतं. आणि सगळ्यात डोक्याला ताप देणारं म्हणजे, लावलं तेव्हा ओलं असताना काहीच नव्हतं, रात्री खुशीत झोपलो आणि सकाळी उठून बघतोय तर हे उगवलेलं.

अजून एक लक्षण आहे, क्लिअर, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, मारल्यावर सगळी गाडीच दुधाळ होते, जिथं डिकल नाही तिथं पण. तो ह्याचा भाऊबंद आहे पण रोग वेगळा, त्याचं खाली येईल.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपला कामाला आहे आणि रात्री जेवण झाल्यावर टेबलावर १/२४ च्या जुन्या गाड्या, त्या पण २४ तासांच्या रेसवाल्याच, फ्रान्समधल्या ल माँच्या. दहा-बारा वर्षं झाली. स्वतःच्या आणि बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दोस्तमंडळींच्या मिळून ह्या एकाच रोगाच्या इतक्या गाड्या हातातून गेल्यात की आता कुणी फोटो पाठवला की मी आधी विचारतो, रंग मॅट होता काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, होय, पण त्याचा काय संबंध?

संबंध असा. बाथरूमच्या खिडकीची खरबरीत काच असते ना, कोरडी असताना पांढरी दिसते आणि पाणी उडालं की तेवढ्याच जागी आरपार दिसतं. डिकलखाली तेच होतंय. वर डिकलची पारदर्शक फिल्म गुळगुळीत, खाली रंग खरबरीत, दोघांच्या मधे हवेचे बारीक कप्पे राहतात आणि उजेड त्या हवेवर आपटून परत येतो, ती चांदी. ओलं असताना त्या कप्प्यांत पाणी असतं म्हणून काही दिसत नाही, वाळलं की पाणी जातं आणि हवा बसते. म्हणजे इलाज एकच, हवा बाहेर काढायची किंवा मुळात शिरू द्यायची नाही. खालचं सगळं हवा आली कुठनं ते शोधायचं काम आहे, फुकटातल्यापासून सुरू करतो, आणि कृपा करून हाच क्रम ठेवा, कारण मी स्वतः पहिल्या वर्षी सरळ शेवटच्या पायरीवर उडी मारून चांगली गाडी थिनरच्या डब्यात घातली होती, जी एका थेंबात बरी झाली असती.

पहिली तपासणी, खर्च शून्य: ही चांदीच आहे का

बारीक ब्रशनं डिकलच्या कडेला स्वच्छ पाण्याचा एक थेंब लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघत राहा. कडा थोडी जरी मोकळी असेल तर पाणी आत सरकतं आणि सरकेल तिथली चांदी गायब होते, वाळल्यावर परत येते. असं झालं तर खाली हवा आहे, पुढं चला. काहीच बदललं नाही तर ओल्या इअरबडनं वरून हळू पुसा. पांढरं निघून आलं म्हणजे ती चांदी नव्हतीच, डिकलचा डिंक किंवा पाण्याचा क्षार वर वाळलेला, खुशाल पुसा आणि झोपा. ह्या दोन मिनिटांत निम्मे फोन संपतात माझे.

आणि गाडीच्या छतावर, जिथं काहीच चिकटवलेलं नाही, तिथं पण पांढरट झालंय का बघा. तसं असेल तर डिकलला हात लावू नका, सरळ पावसाळ्याच्या भागात जा.

पाणी

हे कुणी मनावर घेत नाही. आपल्याकडं नळाला राकसकोप किंवा हिडकलचं पाणी येतं ते ठीक असतं, पण नळाला पाणी नसलं की बोअरचं चालू होतं, आणि आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी असं आहे की गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. त्याच पाण्यात डिकल भिजवलं तर क्षार कुठं जाणार, फिल्मच्या खालीच बसणार. एक मजेशीर तपासणी आहे, जुन्या मोबाइलच्या काळ्या काचेवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि वाळू द्या. पांढरी कडी उमटली तर तेच पाणी तुमच्या गाडीवर पण उमटणार.

उपाय स्वस्त आहे, बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते आणा. मागताना डिस्टिल्ड वॉटर असंच म्हणा, नुसतं बॅटरीचं पाणी म्हटलं आणि पोरानं ॲसिडची बाटली हातात ठेवली तर डिकलपेक्षा मोठी भानगड होईल. पाणी कोमट करा, लहान बाळाला आंघोळ घालायला कोपरानं बघतो तेवढं, जास्त नाही. गार पाण्यात फिल्म कडक राहते आणि वळणावर बसत नाही, फार गरम पाण्यात कागदावरचा डिंक सगळा धुऊन जातो आणि मग डिकल चिकटणार कशानं.

अजून एक, डिकल पाण्यात पोहायला सोडू नका. दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढा आणि ओल्या टिश्यूवर ठेवा, कागदावरून आपोआप सरकायला लागलं की घ्या.

हात आणि धूळ

हे पटकन सांगतो. बॉडी रंगवायच्या आधी भांड्याच्या साबणानं धुवा आणि डिकल लावायच्या आधी परत एकदा ओल्या मऊ कापडानं पुसा, कारण बोटाचं तेल दिसत नाही पण डिकलला कळतं. चिवडा खात खात काम करणाऱ्यांना सांगण्यात अर्थ नाही, मी पण त्यातलाच.

फिल्म कापली होती का

डिकलच्या चित्राभोवती पारदर्शक फिल्मची कडा असते. चांदी जास्त करून त्या रिकाम्या कडेत दिसते, छापलेल्या भागाखाली असली तरी शाई झाकून टाकते. मग ती कडाच कापून टाकायची. मेडिकलमध्ये ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, नवं घ्या, एका शीटला एक, बोथट ब्लेडनं कडा कापली तर ती वर वळते आणि तिथनंच हवा शिरते.

हे सगळीकडं जमत नाही. १९७१ ची ती गुलाबी पोर्शे ९१७/२० आठवते का, जिच्या अंगावर खाटकाच्या तक्त्यासारख्या तुटक रेघा आणि मांसाच्या भागांची जर्मन नावं लिहिलेली, तिला लोक पिंक पिग म्हणतात. त्या प्रत्येक तुटक रेघेभोवती फिल्म कापत बसलात तर पुढची दिवाळी उजाडेल, आणि त्या रेघा जातात पण कुठनं, चाकांवरच्या फुगवट्यावरून. तिथं पुढची तपासणीच उपयोगाची.

चकाकी, म्हणजे खरा गुन्हेगार

ट्यूबलाइटखाली गाडी धरा आणि रंगात ट्यूबचं प्रतिबिंब बघा, डिकल नसलेल्या जागी. ट्यूबची कड ब्लेडनं कापल्यासारखी सरळ दिसते का? मग रंग गुळगुळीत आहे, डिकल धरेल. कड फाटलेली, धुरकट, किंवा संत्र्याच्या सालीसारखी लहरत दिसते? मग सापडला गुन्हेगार. मॅट आणि सेमी-ग्लॉस रंग डोळ्याला सपाट वाटतात पण आतून ते मुरमाड रस्त्यासारखे असतात, त्यावर कितीही चांगलं डिकल ठेवा, खाली खड्डे आहेतच.

इथं निपाणीच्या दोस्ताची गोष्ट सांगायला पाहिजे. त्यानं पोर्शे ९५६ केली, १९८२ ची, त्या वर्षी ल माँला १, २ आणि ३ नंबरच्या गाड्या त्याच क्रमानं पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या होत्या, जॅकी इक्स आणि डेरेक बेलची १ नंबरची पहिली. निळा-पांढरा रंग, मधे लाल-सोनेरी पट्टे, आणि अंगावर सिगारेट कंपनीचं नाव. आता तंबाखूच्या जाहिरातीवरच्या बंदीमुळं अशी नावं बऱ्याच किटमध्ये देतच नाहीत, नुसते पट्टे येतात, नावाचं डिकल वेगळं घ्यायला लागतं. म्हणजे आयुष्य तंबाखूच्या वासात काढलेल्या निपाणीच्या माणसाला तंबाखूचं डिकल परदेशातून मागवायला लागलं! त्याच्यावर आम्ही वर्षभर हसलो.

तर ते महागडं डिकल त्यानं लावलं आणि फोन केला, "काय ओ भावा, पैसे घालून पण डुप्लिकेट माल आला बघा, सगळी चांदी मारलीय." मी म्हटलं गाडी घेऊन या. रविवारी आला एस.टी.नं, बुटाच्या खोक्यात कापूस भरून. बघितलं तर पांढऱ्या भागावरचं तेच डिकल एकदम स्वच्छ आणि निळ्या भागावर चांदीच चांदी. त्याला वाटलं निळ्या भागाचे तुकडे खराब आले. मी त्याला भिंग दिलं आणि पांढऱ्यावर पण बघायला सांगितलं, तिथं पण चांदी होतीच, पांढऱ्यावर पांढरी दिसणार कशी. मग विचारलं निळा कुठला मारलास, तर म्हणाला दुकानात ग्लॉस नव्हता म्हणून सेमी-ग्लॉस घेतला, निळा तो निळाच की. डिकल बिचारं निर्दोष होतं.

म्हणून सांगतो, नवीन गाडी करणार असाल तर रंग कुठलाही असू दे, डिकलच्या आधी त्यावर ग्लॉस क्लिअरचे दोन-तीन हलके हात द्या, आणि ट्यूबचं प्रतिबिंब अजून फाटकं दिसत असेल तर २००० चा वॉटर पेपर पाण्यातून अगदी हळू फिरवा, मग पॉलिश. शेवटी मॅट पाहिजे असेल तर डिकल बसल्यावर सगळ्याच्या वर मॅट मारा, मधे कुठं नको. आणि ग्लॉस पूर्ण वाळला का ते नाकानं बघा, गाडी नाकाजवळ धरली आणि थिनरचा वास आला म्हणजे अजून ओली आहे. इनॅमल असेल तर आपल्याकडं पावसाळ्यात आठवडा सुद्धा कमी पडतो.

लावलंय ते आता काढायचं कसं, म्हणजे वाचवायचं कसं

आता मुद्द्याचं, कारण बहुतेकजण डिकल लावून झाल्यावरच विचारतात. जर वरून क्लिअर मारला नसेल तर आशा भरपूर आहे.

दोन बाटल्या लागतात. एक सेटर, जो डिकलच्या खाली जातो, आणि एक सॉफ्टर, जो वरून लावून फिल्म मऊ करतो. मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर ही एक जोडी, मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही दुसरी, पैकी निळ्या लेबलची आधी खाली आणि लाल लेबलची नंतर वर, लोक उलटं लावतात आणि मग काम करत नाही म्हणतात. सेटर नसेल आणि आज रात्रीच करायचंय तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्म, अगदी तेवढं चांगलं नाही पण कामचलाऊ आहे.

आधी शीटवर उरलेला एखादा नको असलेला लोगो रंगाच्या तुकड्यावर लावून त्यावर सॉफ्टर टाकून बघा. ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून सगळे सोडतात, पण काही डिकलं सॉफ्टरनं विरघळतात आणि काही रंग खालून फुगतात, ते गाडीवर कळण्यापेक्षा तुकड्यावर कळलेलं बरं. जुनं, पिवळं पडलेलं शीट असेल तर हे दुप्पट गरजेचं, आणि पिवळेपणासाठी शीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठ दिवस चिकटवून ठेवायची युक्ती आहे, चालते, फक्त जुलैत बेळगावात ऊन कुठलं, त्यासाठी मार्च-एप्रिल बघा.

मग इन्सुलिनची सुई घ्या आणि चांदीच्या डागावर उभी टोचत जा, शेजारी शेजारी, पण रंगात खोल जाऊ देऊ नका, फिल्मला भोक पडलं की बास. ओढायचं नाही, नुसतं टोचायचं. हे का? कारण डिकलच्या कडा चिकटल्यात आणि हवा मधे कोंडलीय, तिला वाट नाही आणि सेटरला पण आत जायला वाट नाही. भोकांमुळं दोघांनाही दार मिळतं. मग ब्रशनं सेटरचा थेंब वर ठेवा आणि टॉर्च लावून बघा, तो आत शोषला जाताना दिसतो, चांदी काळी पडत जाते, हे बघायला फार समाधान वाटतं हे कबूल करतो. पाच मिनिटांनी ओल्या इअरबडनं मधून कडेकडं लाटण्यासारखं फिरवा, घासू नका, नंतर वरून सॉफ्टर.

सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुततं. भयंकर दिसतं. हात लावू नका. परत सांगतो, हात लावू नका, त्या वेळी फिल्म ओल्या पापडासारखी असते आणि बोट लागलं की गेली. उठा, चहा प्या, टेबलाला पाठ करा. वाळताना ती आपोआप ताणली जाऊन खालच्या फटीत, रिव्हेटमध्ये, एअर डक्टच्या कडेत जाऊन बसते. रात्रभर ठेवा, सकाळी बघा, उरली असेल तेवढ्याच जागी परत टोचा आणि परत सेटर-सॉफ्टर. तीन-चार रात्री लागतात. निपाणीवाल्या ९५६ ला पाच लागल्या, आणि निळ्या भागावरची चांदी नव्वद टक्के गेली, उरलेली त्याला एकट्यालाच दिसते.

फटीवर ताणलेल्या डिकलला सुईनं काही होत नाही, तिथं फटीच्या बरोबर मधून ब्लेडनं एक चीर द्या आणि मग सॉफ्टर, दोन्ही काठ आत वळून बसतात. फुगवट्यावर अजिबात ऐकत नसेल तर कापडाचा तुकडा गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा सेकंद हलका दाबून धरा. हेअर ड्रायर वापरणारे आहेत, मी नाही वापरत, प्लास्टिक वाकलेलं एकदा बघितलंय, आणि ९१७ ची ती शेपटी वाकली की परत सरळ होत नाही.

टेप, आणि परत पहिल्यापासून

चार रात्रींनंतर पण अर्ध्याहून जास्त चांदी असेल तर खालचा पृष्ठभागच इतका खरबरीत आहे की ह्या उपायानं भरणार नाही. मग डिकल काढायचं. वर क्लिअर नसेल तर मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढा, बहुतेक निघतं, उरलेलं कोमट पाणी आणि व्हिनेगरनं भिजवून. मग ग्लॉस, वॉटर पेपर, नवं डिकल.

नवं शीट मागवायच्या आधी विचार करा की सगळंच डिकल पाहिजे का. गल्फ तेल कंपनीच्या निळ्या ९१७ वरचा नारिंगी पट्टा मी आता कधीच डिकलनं करत नाही, टेप लावून रंगवतो. कारण एकतर तो पट्टा नाकापासून शेपटीपर्यंत सगळ्या फटींवरून जातो, आणि नारिंगीखालचा पांढरा थर पातळ असला की निळ्यावर तो चहासारखा तपकिरी दिसतो. नुसते नंबर आणि अक्षरं डिकलची. गल्फचा विषय निघालाच आहे तर, शोकेसमध्ये ही गाडी ठेवून खाली ल माँ विजेता लिहिणाऱ्यांनो, गल्फच्या ९१७ नं ल माँ कधीच जिंकलं नाही. १९७० ला २०, २१, २२ अशा तिन्ही गाड्या अर्ध्यातच बसल्या, जिंकली ती लाल-पांढरी २३ नंबरची, हॅन्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूडची, आणि १९७१ ला मार्टिनी टीमची पांढरी २२ नंबर, हेल्मुट मार्को आणि गिस व्हॅन लेनेपची, जिनं ५३३५ किलोमीटर कापले आणि तो अंतराचा विक्रम २०१० पर्यंत टिकला. गल्फच्या रंगात जिंकलेली पाहिजे असेल तर १९६८ आणि १९६९ ची फोर्ड जीटी४० करा. असो, विषय कुठं गेला.

पांढऱ्या २२ नंबरवर एक फायदा आहे, चांदी पांढऱ्यात लपते. नवशिक्यानं पहिली गाडी तीच करावी असं माझं मत, लोकांना गंमत वाटते पण मी सिरियसली सांगतोय. उलट १९९१ ची नारिंगी-हिरवी ५५ नंबरची माझदा ७८७बी पहिल्यांदा करू नका, दोन भडक रंग जिथं भेटतात तिथं तुकड्यातुकड्यांचं नक्षीकाम आहे, एक तुकडा अर्धा मिलिमीटर हलला की पुढची सगळी रांग चुकते.

पावसाळा आणि दुधाळ गाडी

आता तो भाऊबंद. तुम्ही डिकल छान बसवलं, वर लॅकर क्लिअरचा स्प्रे मारला आणि डोळ्यांसमोर गाडीवर धुकं उतरलं, आंबोलीच्या घाटात उतरतं तसं. ही डिकलची चूक नाही. स्प्रेतला थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते आणि ती क्लिअरच्या आत अडकते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत माझ्या खोलीतला दमटपणा मोजायचा काटा नव्वदच्या आसपास असतो, त्या दिवसांत स्प्रे म्हणजे जुगार. तो डिजिटल काटा ऑनलाइन दोन-तीनशेत मिळतो, घ्या, साठ-पासष्टच्या वर असेल तर मी डबा उघडतच नाही.

मला हे समजलं ते गणपतीच्या मूर्तिकार मामांकडून. आमच्या भागात त्यांची शेड आहे, ऐन श्रावणात धो धो पावसात शेकडो मूर्ती रंगवतात आणि एकावर पण धुकं नाही. मी माझी दुधाळ जीटी४० घेऊन गेलो, म्हटलं मामा हे काय झालंय बघा. त्यांनी गाडी फिरवून बघितली, म्हणाले, "तम्मा, रंग थंड अंगावर मारलास. देवाला पण आधी ऊब देतो आम्ही." शेडमध्ये हॅलोजन लावलेले, मूर्ती आधी त्याच्या समोर, मग गन, मग परत हॅलोजनसमोर. मी तेव्हापासून गाडी आणि स्प्रेचा डबा दोन्ही आधी उबदार करतो, गाडी साठ वॅटच्या पिवळ्या बल्बखाली हातभर अंतरावर अर्धा तास, डबा कोमट पाण्याच्या भांड्यात. डबा गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीच नाही, फुटतो.

आधीच दुधाळ झालेली असेल तर बऱ्याचदा परत येते. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि त्याच क्लिअरचा एकदम हलका हात मारा, किंवा गन असेल तर रिटार्डर (थिनर हळू उडावा म्हणून घालतात ते) घातलेला थिनर नुसता फुंकरीसारखा. वरचा थर परत मऊ होतो आणि अडकलेली वाफ निघून जाते. पण हलकाच, जाड ओला हात मारला तर लॅकर डिकलची फिल्म खातो आणि अक्षरं वितळून सुरकुततात, त्याला मग इलाज नाही. त्यामुळं डिकलवर पहिले दोन हात कायम लांबून, कोरडे.

कुठं थांबायचं

क्लिअरच्या खाली चांदी अडकली असेल, म्हणजे वर थर मारून झालाय आणि मग दिसली, तर सुई घेऊ नका. क्लिअर फुटेल आणि चांदी तशीच राहील. सगळा थर घासून काढायचा तर डिकल जाणार हे धरूनच चाला, आणि दुसरं शीट हातात नसेल तर गाडी आहे तशी शोकेसमध्ये ठेवा, दिवा फक्त समोरून लावा.

मोठ्या गाडीसारखी काचेची चकाकी पाहिजे म्हणून दोन भागांचा हार्डनरवाला टू-के क्लिअर मारायचा मोह होतो, माझ्या कंपनीतली पोरं सारखी सांगतात, मार की भावा एकदा. घरात मारू नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा लागू शकतो आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढं थोडं हुंगलं तरी त्रास होतो, कापडी मास्कनं ते अडत नाही. बूथ असलेल्या कार पेंटरकडं द्या. मी तेच करतो, कुणाची तरी बंपर-दरवाज्याची गाडी बूथमध्ये असते तेव्हा माझी एवढीशी बॉडी काठीला लावून शेजारी उभी करतात, पेंटर अण्णा हसतात पण मारून देतात.

गाडी किट नसून मेटलची तयार, मर्यादित संख्येत निघालेली, नंबर असलेली असेल तर वरचं काहीच करू नका. तिचा मूळ रंग-डिकल हीच तिची किंमत, थोडी चांदी असली तरी हात लावलेल्यापेक्षा न लावलेली जास्तला जाते. जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि तो नको म्हणाला तर ऐका. आणि तसल्या मेटलच्या गाडीत डिकलखाली चांदी नाही तर रंगच फुगून बारीक तडे जात असतील, दरवाजे बसेनासे झाले असतील, तर तो धातूचा रोग आहे, जस्ताच्या मिश्रधातूत शिसं वगैरे भेसळ राहिली की वर्षांनी तो आतून फुटत जातो, दमट हवेत लवकर. त्याला कुणाकडंच औषध नाही, पेंटरकडं पण नेऊ नका, कोरड्या जागी ठेवून फोटो काढून घ्या.

डिकल मिळतच नसेल आणि छापून घ्यायचं असेल तर साध्या कलर प्रिंटरवाल्याकडं जाऊ नका, त्याच्याकडं पांढरी शाई नसते आणि गडद रंगावर अक्षरं बुडतात. पांढरी शाई छापणारा माणूस शोधा, त्याला आधी एकच नंबर छापायला सांगा आणि तो वर सांगितल्यासारखा तुकड्यावर सॉफ्टर टाकून तपासा.

पेंटरकडं जाताना खाली कुठला रंग आहे, ॲक्रिलिक की इनॅमल की लॅकर, आणि शेवटचा हात कधी मारला ते कागदावर लिहून न्या. इनॅमलवर टू-के पडला तर तासाभरात सगळं सुरकुततं, आणि पेंटरला ते बघून कळत नाही, आपणच सांगायला लागतं.